हळदीचा कागद

श्रोतेहो, देवघरांतील कुंकवाचा करंडा आपण रोज पाहतों. त्यांतील कुंकू तांबडें कां, हा प्रश्न मात्र आपल्यापैकीं फारच थोड्यांनीं स्वतःस विचारला असेल. जुन्या रीतीचें कुंकू हळदीचें करतात, हें घरांतील वडील स्त्रियांस ठाऊक असतें. हळद तर पिवळी. पण तिला चुन्याची किंवा त्याच जातीच्या दुसऱ्या पदार्थाची जोड मिळाली, कीं ती लाल होते. हीच गोष्ट निराळ्या रूपानें घरोघरीं घडते. सदऱ्यावर आमटीचा डाग पडतो, त्यावर साबण घांसतांच तो पिवळा डाग एकदम तांबडा होतो, आणि साबण धुऊन गेला कीं पुन्हां पिवळा दिसूं लागतो. धुणें धुणाऱ्या बाईनें हें शेंकडों वेळां पाहिलेलें असतें. उलट, ‘दर्शक’ या शब्दाची व्याख्या बिनचूक लिहून पूर्ण गुण मिळविणाऱ्या विद्यार्थ्यास पुष्कळदां याची दादही नसते. एकीकडे पाहिलेलें, पण विचारांत न घेतलेलें. दुसरीकडे पाठ केलेलें, पण कधीं न पाहिलेलें. या दोहोंची गांठ कशी घालावी, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

बोलण्यास आधार असावा म्हणून आपण एक गांव डोळ्यांपुढें ठेवूं. रायगड जिल्ह्यांत, खालापूर तालुक्यांत, मोहोपाडा नांवाचें बाजाराचें गांव आहे. त्याला लागूनच रसायनी ही वसाहत; पनवेलहून रोह्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर त्याच नांवाचें स्थानकही आहे. एका शास्त्राचें नांव आगगाडीच्या स्थानकास मिळावें, हा योग विरळाच! १९६० सालीं स्थापन झालेल्या हिंदुस्थान ऑर्गॅनिक केमिकल्स या सरकारी कंपनीचा कारखाना येथें उभा राहिला. २०१७ सालीं केंद्र सरकारनें त्यांतील न परवडणारे विभाग बंद करण्याचा निर्णय घेतला; मात्र अग्निबाणांतील इंधन जाळण्यास लागणारें नायट्रोजन टेट्रॉक्साइड जेथें तयार होतें, तो विभाग इस्रोच्या हवालीं करावयाचें ठरलें. जवळून पाताळगंगा वाहते. खोपोलीच्या १९१५ पासूनच्या वीजघरांतून सुटणारें पाणी मिळत असल्यामुळें ती ऐन वैशाखांतही वाहती राहते. आसपास औद्योगिक वसाहतीचे कारखाने, आणि त्यांच्यामागें सह्याद्रीचे उतार. अशा गांवच्या मुलामुलींनीं विज्ञान शिकावयाचें, तें कसें?

माझें स्वतःचें शिक्षण कसें झालें, तें आधीं सांगतों. माझ्या शाळेंत विज्ञानाच्या खोलींत कांचेचें एक कपाट होतें. त्यांत परीक्षानळ्या, चंबू आणि एक पितळी तराजू असा सारा थाट मांडलेला असे. कांहीं फुटलें तर हिशेब कोण देणार, या धास्तीनें त्या कपाटाचें कुलूप वर्षांतून एकदांच, तपासणीच्या दिवशीं, निघत असे. आम्ही मात्र ‘आम्लांत निळा लिटमस तांबडा होतो, आम्लारींत तांबडा लिटमस निळा होतो’ हें वाक्य पाढ्यांच्या चालीवर म्हणत असूं. परीक्षेंत त्याचे गुणही मला मिळाले. लिटमस हा कागद असतो, कीं भुकटी, कीं एखादें पातळ द्रव्य, हें मात्र मला कॉलेजांत गेल्यावर समजलें. यांत माझ्या गुरुजींना दोष देण्याचा हेतु नाहीं. ते स्वतःही तसेच शिकले होते. पण जें वाक्य मला तोंडपाठ होतें, त्याचा उपयोग करून मला जगांतील एकही गोष्ट ओळखतां येत नव्हती, एवढें खरें.

आतां ‘प्रयोगानें शिकवा’ असें सगळेच म्हणतात. परंतु या शब्दांचा अर्थ तीन प्रकारें चुकतो. गुरुजींनीं टेबलावर प्रयोग करावा आणि साठ मुलांनीं तो लांबून पाहावा, हा पहिला प्रकार. त्यांत हात एकाचेच चालतात. पुस्तकांतील कृति पायरीपायरीनें उरकावी आणि शेवटीं ‘अनुमान’ म्हणून छापलेलें वाक्य उतरून घ्यावें, हा दुसरा. त्यांत हात चालतात, पण उत्तर आधींच ठरलेलें असतें. आणि विज्ञानदिनाच्या दिवशीं रंग बदलून, धूर काढून, आवाज करून टाळ्या मिळवाव्या, हा तिसरा. त्यांत मौज असते, पण ती जादूगाराच्या खेळांतील मौज. खरा प्रयोग या तिघांहून वेगळा. त्यांत मुलानें आधीं आपला अंदाज सांगावयाचा असतो, मग हातानें करून पाहावयाचें असतें, आणि अंदाज चुकला तर तो कां चुकला याचा शोध घ्यावयाचा असतो. ज्या प्रयोगास ‘नाहीं’ असें उत्तर देण्याची मोकळीक नाहीं, तो प्रयोगच नव्हे.

हें उदाहरणानें पाहूं. मोहोपाड्याच्या एखाद्या शाळेंत सातवीचा वर्ग भरला आहे, अशी कल्पना करा. बाईंनीं टिपकागदावर हळदीचा लेप देऊन तो वाळविला आहे आणि त्याच्या बोटभर रुंदीच्या पट्ट्या कापल्या आहेत. चार-चार मुलांच्या गटापुढें लहान वाट्या आहेत: लिंबाचा रस, चिंचेचें पाणी, आमसुलाचें पाणी, साबणाचें पाणी, चुन्याची निवळी, चुलीतल्या राखेचें पाणी आणि नळाचें साधें पाणी. बाई सांगतात, पट्टी बुडविण्याआधीं प्रत्येकानें आपला अंदाज वहींत लिहावयाचा. मग पट्ट्या बुडतात. साबण, चुना आणि राख यांत पट्टी लाल होते. लिंबू, चिंच आणि आमसूल यांत ती पिवळीच राहते. लाल झालेल्या पट्टीवर लिंबू पिळलें कीं ती पुन्हां पिवळी! मुलें हरखून जातात. लागलीच कोणीतरी नियम सांगतो: ‘पट्टी लाल झाली तर आम्लारी, पिवळी राहिली तर आम्ल.’

पुष्कळ ठिकाणीं धडा येथेंच संपतो, आणि खरें पाहतां चूक येथेंच होते. कारण सातवी वाटी अजून राहिली आहे. साध्या पाण्यांत बुडविलेली पट्टीही पिवळीच आहे! मग साधें पाणी हें आम्ल आहे काय? तें तर आंबट लागत नाहीं. वर्गांत वाद सुरू होतो. या क्षणीं बाईंनीं उत्तर सांगून टाकलें तर सगळा खेळ वायां जातो. त्यांनीं गप्प राहिलें पाहिजे. थोड्या वेळानें एखादी मुलगी म्हणते, ‘बाई, हळदीला फक्त आम्लारी ओळखतां येतो. बाकी सगळें तिला सारखेंच.’ त्या मुलीनें त्या दिवशीं जें मिळविलें, तें कोणत्याही व्याख्येंत सांपडणारें नाहीं. साधन आपणांस काय सांगतें याच्याइतकेंच, तें काय सांगूं शकत नाहीं, हें जाणणें महत्त्वाचें आहे, हें तिला कळलें.

दुसऱ्या दिवशीं मुलें जास्वंदीचीं लाल फुलें आणतात. पाकळ्या ऊन पाण्यांत भिजवून त्यांचा अर्क काढला, कीं दुसरा दर्शक तयार होतो. आम्लांत तो गडद गुलाबी होतो आणि आम्लारींत हिरवा. आतां लिंबू आणि साधें पाणी यांतला भेद दिसतो. जें हळदीला जमलें नाहीं, तें जास्वंदीला जमलें. एका साक्षीदाराची साक्ष अपुरी पडली म्हणून दुसरा बोलावला, असाच हा प्रकार आहे. आणि शास्त्रज्ञही प्रयोगशाळेंत याहून फारसें निराळें कांहीं करीत नाहींत.

यानंतर मोहोपाड्याच्या मुलांच्या मनांत जो प्रश्न उभा राहील, तो आपण कोणीही टाळूं शकणार नाहीं. ‘बाई, पाताळगंगेचें पाणी तपासूं या.’ बाईंनीं स्वतः बाटलींत भरून आणलेल्या पाण्यांत पट्टी बुडते. ती पिवळीच राहिली आणि जास्वंदीचा अर्कही फारसा बदलला नाहीं, असें समजा. वर्गांत आनंदाची आरोळी उठेल: ‘पाणी चांगलें आहे!’ पण परवां ज्या मुलीनें हळदीची मर्यादा ओळखली, ती हात वर करील. हे दोन्ही दर्शक केवळ आम्ल आणि आम्लारी यांविषयीं बोलतात. विरघळलेले धातु, रोगजंतु, रंगहीन विषारी द्रव्यें यांविषयीं ते मुके आहेत. म्हणून या प्रयोगावरून पाणी पिण्याजोगें आहे, असें ठरत नाहीं. आणि रंग बदलला असता, तरी दोष कोणाचा, तेंही त्यावरून ठरलें नसतें. त्यासाठीं निराळ्या कसोट्या लागतात, आणि त्या कोठें व कशा करतात हें विचारण्याचा अधिकार नागरिकास असतो.

श्रोतेहो, विज्ञान हातानें शिकण्यांत जें खरें पणास लागलें आहे, तें हें. कारखान्यांच्या शेजारीं राहणाऱ्या माणसांपुढें सहसा दोनच वाटा असतात. एक, सांगितलें जाईल त्यावर मुकाट्यानें विश्वास ठेवण्याची; दुसरी, प्रत्येक वासाला आणि प्रत्येक धुराला भिण्याची. ज्यानें बाराव्या वर्षीं हळदीच्या कागदाची मर्यादा स्वतः शोधून काढली, त्याला तिसरी वाट दिसते. तो शांतपणें विचारतो, ‘हें तुम्हीं कशानें मोजलें? किती वेळां मोजलें? आणि त्या साधनाला काय दिसत नाहीं?’ असा प्रश्न विचारणारीं दहा माणसें ज्या गांवांत आहेत, त्या गांवास फसविणें अवघड, आणि उगाच घाबरविणेंही अवघड.

दुसरें उदाहरण पावसाचें घेऊं. खालापूर आणि कर्जत या तालुक्यांत पाऊस हा गप्पांचा विषय नव्हे, जीवनमरणाचा आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्रीं याच खालापूर तालुक्यांत, इर्शाळगडाच्या उतारावरील इर्शाळवाडीवर दरड कोसळली आणि झोंपलेल्या वाडीचा मोठा भाग गाडला गेला. त्यानंतर ‘इतके मिलीमीटर पाऊस’ हे शब्द त्या भागांतील मुलांनीं किती वेळां ऐकले असतील! पण मिलीमीटर ही तर लांबीची मापें. पाऊस लांबीनें कसा मोजतात?

त्याचें उत्तर अंगणांत आहे. सरळ बाजूंचीं दोन भांडीं, एक रुंद तपेलें आणि एक अरुंद डबा, पावसांत उघड्यावर शेजारीं-शेजारीं ठेवा. आधीं मुलांना विचारा, पाण्याची उंची कशांत अधिक होईल? बहुतेक मुलें तपेलें म्हणतील. त्याचें तोंड मोठें ना! तासाभरानें पट्टी घालून पाहिलें तर उंची दोन्हींत जवळजवळ सारखी. रुंद तोंडानें पाणी अधिक घेतलें हें खरें, पण तें तितकेंच अधिक पसरलेंही. म्हणूनच पाऊस उंचीनें मोजतां येतो, आणि मुंबईचें माप कर्जतच्या मापाशीं ताडून पाहतां येतें. मग सरळ बाजूंची एक रिकामी बाटली घ्यावी, तिचा वरचा भाग कापून नरसाळ्यासारखा उलटा बसवावा, तळाचा उंचसखलपणा बुडेपर्यंत पाणी भरून तेथें शून्याची खूण करावी. शाळेचा पर्जन्यमापक तयार झाला. हवामान खात्याप्रमाणें रोज सकाळीं साडेआठ वाजतां त्याची नोंद ठेवावी.

आतां गणिताचा तास विज्ञानाच्या मदतीस येतो. एक चौरस मीटर जागेवर एक मिलीमीटर पाऊस पडला, तर तें पाणी बरोबर एक लिटर भरतें. १०० मिलीमीटर पाऊस झाला तर ५० चौरस मीटरांच्या छपरावर ५,००० लिटर पाणी पडलें. आणि एक हेक्टर डोंगरउतारावर? दहा लाख लिटर, म्हणजे हजार टन. हा आंकडा ज्या मुलानें स्वतःच्या बाटलीवरून काढला, त्याला उतारावरची माती मुसळधार पावसांत कां सुटते हें निराळें सांगावें लागत नाहीं. एका बाटलीनें दरड थांबत नाहीं, हें उघड आहे. पण धोक्याची सूचना मिळाल्यावर तिचा अर्थ समजणारीं माणसें मात्र अशाच बाटल्यांतून घडतात.

ही पद्धति कोणाची आजची लहर नव्हे. १८६०-६१ च्या हिवाळ्यांत लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें मायकेल फॅरेडे यांनीं मुलांपुढें एका साध्या मेणबत्तीवर व्याख्यानमाला दिली आणि त्या एका ज्योतींतून अर्धें रसायनशास्त्र उलगडून दाखविलें. आपल्याकडे १९३७ सालीं वर्ध्यास भरलेल्या शिक्षणपरिषदेंत गांधीजींनीं हस्तोद्योगांतून शिक्षण देण्याचा विचार मांडला. १९५६ सालीं युनेस्कोनें विज्ञानशिक्षकांसाठीं जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्याचा भर सहज मिळणाऱ्या वस्तूंतून उपकरणें बनविण्यावरच होता.

१९७२ सालीं मध्यप्रदेशांतील होशंगाबाद जिल्ह्यांत सोळा माध्यमिक शाळांतून एक धाडसी उपक्रम सुरू झाला. किशोर भारती आणि रसूलियाचें मित्रमंडळ केंद्र या संस्थांनीं तो हातीं घेतला, आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंतील शास्त्रज्ञही त्यांत सहभागी झाले. सहावी ते आठवीचीं मुलें तेथें प्रयोग करूनच विज्ञान शिकत. परीक्षेंत पुस्तक उघडें ठेवण्याची मुभा असे, आणि प्रयोग करून दाखवावा लागे. पुढें तो उपक्रम जिल्हाभर पसरला. २००२ सालीं तेथील सरकारनें तो बंद केला. तीस वर्षें हजारों मुलांनीं खेड्यांतील सरकारी शाळांतून असें शिक्षण घेतलें, यावरून तें अशक्य नव्हे हें सिद्ध होतें. तें टिकविण्यास मात्र उपकरणांपेक्षां समाजाचा निर्धार अधिक लागतो, हा धडाही त्यांतच आहे.

महाराष्ट्रांतही हा झरा वाहता आहे. १९७४ सालीं टाटा संस्थेनें मुंबईस होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र काढलें. जळगांव जिल्ह्यांतील खिरोद्याच्या परिसरांतील शाळांतून त्याचें आरंभींचें काम झालें. १९८३ सालीं डॉ. श्रीनाथ कलबाग यांनीं पुणें जिल्ह्यांतील पाबळ येथें विज्ञान आश्रम स्थापून, घर बांधतां-बांधतां आणि यंत्र दुरुस्त करतां-करतां शिकण्याची शाळा उभी केली. पुण्याच्या मोटारकारखान्यांतील एक अभियंते, अरविंद गुप्ता, १९७८ सालीं रजा घेऊन होशंगाबादेस गेले. सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी आणि आगकाड्या एवढ्याच भांडवलावर त्यांनीं भूमितीच्या आकृति मुलांच्या हातांत आणून दिल्या; पुढें पुण्याच्या आयुकांत त्यांनीं टाकाऊ वस्तूंतून शेंकडों खेळणीं घडविलीं. या सर्वांचा एकच निष्कर्ष आहे: अडचण पैशाची नाहीं.

मग अडचण कशाची? आपण, म्हणजे सुशिक्षित पालक, तिचा मोठा भाग आहों. ‘अभ्यासक्रम केव्हां पुरा होणार?’ असें आपण विचारतों. आम्लाचा धडा वाचून दाखविण्यास एक तास लागतो, करून पाहण्यास तीन लागतात, हें कबूल. पण वाचलेला धडा दरवर्षीं पुन्हां वाचावा लागतो. करून पाहिलेला बहुधा लागत नाहीं. ‘परीक्षेचें काय?’ असेंही आपण विचारतों. जोंवर परीक्षा केवळ स्मरणशक्तीची आहे, तोंवर शिकविणेंही तसेंच राहील. म्हणून मागणी परीक्षा बदलण्याची करावी, प्रयोग थांबविण्याची नव्हे.

‘मुलांना इजा झाली तर?’ ही शंका मात्र रास्त आहे, आणि रसायनीच्या शेजारीं तर फारच रास्त. म्हणून कांहीं नियम कडक पाळावे. पहिल्या प्रयोगांस स्वयंपाकघराबाहेरचें द्रव्य घेऊं नये. चुना डोळ्यांत गेला तर डोळ्यांस गंभीर इजा होते, म्हणून निवळी मोठ्यांनींच तयार करून द्यावी. प्रयोगाच्या वाटींतील कांहींही चाखूं नये. टाकून दिलेल्या पिंपांस, अनोळखी भुकटीस आणि गटारांतील रंगीत पाण्यास हात लावूं नये. नदीचें पाणी मोठ्यांनींच आणावें. हे नियम कां आहेत, हें समजावून सांगणें हाही विज्ञानाचाच धडा आहे.

शिक्षकांविषयीं एक शब्द. मुलांपुढें ‘मला ठाऊक नाहीं, आपण पाहूं या’ असें म्हणण्यास त्यांना फार धैर्य लागतें. आपल्याकडे गुरूला सर्व कांहीं ठाऊक असावें, अशी अपेक्षा असते. ज्या दिवशीं एखादी शिक्षिका हें वाक्य न संकोचतां उच्चारील आणि पालक त्यावर कुरकुरणार नाहींत, त्या दिवशीं त्या शाळेंत प्रयोगशाळा निघाली असें समजावें; मग कांचेचें कपाट असो वा नसो.

आज मूल शाळेंतून घरीं आलें, कीं ‘किती गुण मिळाले?’ हा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवा. ‘आज काय करून पाहिलेंस? तुझा अंदाज काय होता? तो कोठें चुकला?’ असें विचारून पाहा. उत्तर आलें नाहीं, तर वाटीभर पाणी, चिमूटभर हळद आणि टिपकागदाचा एक तुकडा घेऊन त्याच्याशेजारीं बसा. पट्टी लाल झाली कीं मूल हांसेल. पण ती पिवळीच राहिली तर घाई करूं नका. तिचा अर्थ काय, हें त्याला त्याच्या सवडीनें शोधूं द्या.